बँड थांबला तेव्हा

रितेशची नि माझी ओळख एका चिंचेमुळे झाली. आता चिंच दिसली की तोंडाला पाणी सुटत नाही, डोळ्यांना सुटतं.

एप्रिल महिना होता. शाळा सुटली, मी स्कूटीवरून बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात आत्याकडे निघाले, आणि चांगल्या उन्हात एकदम आभाळ काळं होऊन गारा पडायला लागल्या... चांगल्या बोराएवढ्या! हेल्मेट डिक्कीत होतं, म्हणजे नेहमी जिथे असतं तिथेच. मी दिसेल त्या पत्र्याखाली स्कूटी घातली. ती कशाला तरी धडकली आणि 'धम्म' असा आवाज झाला.

"मॅडम, ढोल आहे तो."

आत स्टुलावर एक मुलगा बसला होता. मांडीवर ट्रम्पेट, हातात फडकं, समोर चिंचेची वाटी. वर पाटी होती, 'नवरंग ब्रास बँड'.

"ढोलाला लागलं का काही?" मी विचारलं.

"त्याले काय, रोजचाच मार आहे. स्कूटीले विचारा."

मला हसू आलं. पण अनोळखी मुलासमोर लगेच हसायचं नाही असा माझा नियम होता. मग काहीतरी करायचं म्हणून मी वाटीतली चिंच उचलून तोंडात टाकली. चिंच दिसली की माझा हात माझं ऐकत नाही.

"अहो! त्यानं मी ट्रम्पेट घासून राहिलो!"

मी थू थू करत तशीच गारांत पळाले. डोक्यावर टणाटण गारा, आणि मागे तो पोट धरून हसतोय. "या, या आत... खोटं बोललो. घासायची चिंच ही, खालची. ती माझी खायची होती."

"लाज नाही वाटत?"

"माझी चिंच तुम्ही खाल्ली, आन् लाज मले?"

त्याचे डोळे हसताना बारीक व्हायचे आणि ओठांवर ट्रम्पेटचा गोल वळ होता. मी तो वळ जरा जास्तच वेळ पाहिला असावा, कारण त्याने फडक्याने तोंड पुसलं.

गारा थांबेनात. मग मी सांगितलं—मी ज्योत्स्ना, शाळेत शिकवते, इथे सुनंदाआत्याकडे राहते. गाव निंबखेडी, तापीकाठी, घरची केळी. आणि माझ्या भावाचं, विनायकचं, पुढच्या महिन्यात लग्न आहे. "तुमचा बँड मिळेल?"

"बंदूक आहे घरात?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. "आहे. लायसनची. केळीत रानडुकरं घुसतात ना..."

"लग्नात वाजते?"

"एकच बार. मामाच्या मानाचा."

त्याचं हसू गेलं. त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे एक फळा होता. 'जिथे बंदूक, तिथे बँड नाही.' खाली हे ठरवणाऱ्या नऊ बँडवाल्यांची नावं. शेजारी एका तरुणाचा फोटो, हार घातलेला.

"रोहित. माझा मोठा भाऊ. नदीपलीकडच्या एका गावात, वरातीत गोळी लागून गेला. चारशे माणसं होती. पोलिसांनी विचारलं तर चारशेतल्या एकानंही बंदूक पाह्यली नाही."

"चुकून लागली असेल..." मी उगाचच म्हणाले.

"चुकूनच लागते. पण दर वेळी चुकून आमालेच कशी लागते?" त्याचा आवाज चढला नव्हता. "बार टाकणारा ओट्यावर राहतो, पाहुण्यांत. आमी खाली, त्याच्या नळीपुढं. या भागातले सारे बँडवाले एकाच वस्तीतले, दलित. उभं कुठं ऱ्हायचं ते गाव ठरवते. जेवाले कुठं बसायचं तेही गावच ठरवते."

आमच्या घरी बँडवाले गोठ्यामागे जेवायचे. लहानपणी मी त्यांना वरून पाणी वाढलेलं होतं, तांब्या त्यांच्या भांड्याला लागू न देता. मला ते कुणी शिकवलं होतं तेही आठवत नाही. गारा थांबल्या तरी मी तिथेच उभी राहिले, आणि मला माझीच फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी चिंचेचा अख्खा पुडा घेऊन गेले. "तुमचं देणं," म्हटलं. तो म्हणाला, "आता ट्रम्पेट खाईल का मी?" आणि मग मी रोजच जायला लागले.

कामाला म्हणून जात होते, असं मी आत्याला सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं. रितेशच्या आई मालूबाई आणि दोनचार बँडवाले मिळून रविवारी गावोगाव फिरायचे. ज्यांच्या घरी बंदूक, त्यांना दोन गोष्टी मागायचे. लग्नसराईत बंदूक ठाण्यात जमा करा, आणि बँडवाल्यांना सगळ्यांच्या पंगतीत बसवा. मी अर्ज लिहायचे, कारण माझं अक्षर चांगलं आहे; आणि दार उघडायला मी पुढे व्हायचे, कारण माझं आडनाव चांगलं आहे. हे दुसरं रितेशनेच हसत हसत सांगितलं होतं.

एका गावचे सरपंच म्हणाले, "बंदुकीचं समजलं बाई. पण पंगतीचा आन् तिचा काय संबंध?"

मालूबाईंनी पदर नीट केला. "दादा, ज्याले आमी पंगतीत दिसत नाही, त्याले बार टाकतानाही दिसत नाही."

सरपंच चहा प्यायले. आम्हाला विचारला नाही.

परत येताना स्कूटीवर मागे कोण बसायचं यावरून वाद व्हायचा. ढोल वाजवणारे दगाकाका साठीचे होते, एका कानाने ठार बहिरे, आणि दुसऱ्याने नको ते ऐकणारे. ते म्हणायचे, "मी रिक्षानं येतो. मास्तरीणबाईच्या स्कूटीले माझं वजन झेपत नाही."

"रितेशचं झेपतं?" मी विचारायचे.

"त्याचं कुठं वजन ऱ्हायलं आता? हवेतच ऱ्हातो तो."

रितेश कानापर्यंत लाल व्हायचा. मी आरशात पाहायचे... आरसा मुद्दामच तसा वळवून ठेवला होता.

बुधवाऱ्यातून रोज संध्याकाळी कुणाची तरी वरात निघायची. आत्याच्या घराखाली आली की नवरंग बँड अर्धं मिनिट थांबायचा. सगळे गप्प. मग एकट्या ट्रम्पेटचे तीन सूर यायचे, सरळ आमच्या गॅलरीकडे. नवरदेव घोड्यावर ताटकळत, आणि मी वाळत घातलेल्या साडीमागे.

"हा बँड रोज आपल्याच दारात कायले थांबते गं?" आत्या विचारायची.

"ट्रॅफिक असेल आत्या."

"या बोळात?"

राजघाटाच्या पायऱ्यांवर मावा जिलेबी खाताना एकदा त्याने पहिल्यांदाच मला 'तू' म्हटलं. "तुझ्या पदराला पाक लागला," एवढंच. पण मी ते वाक्य घरी जाऊन दहा वेळा म्हणून पाहिलं. त्याच दिवशी मी त्याला विचारलं, "घरी कळलं तर काय होईल रे?"

"होईल काय? बंदूक आहेच तुमच्या घरात."

आम्ही दोघं हसलो. मग एकदम थांबलो. तापीचं पाणी पायरीला लागत होतं आणि जिलेबी गार झाली होती.

मला तो हवा होता. याच्यात आडवळण काही नाही. आणि तो मला चोरून नको होता, आमच्या दारातून ताठ मानेने आलेला हवा होता. माझ्या वडिलांनी, आबांनी त्याला पाहावं, त्याचं वाजवणं ऐकावं, त्याला पंगतीत वाढावं... मग लग्न पार पडलं की मी आबांना सांगणार होते.

म्हणून मी आबांच्या मागे लागले. आबांचा माझ्यावर फार जीव. पहिल्यांदा ते रागावले, मग गप्प झाले, आणि पंधरा दिवसांनी स्वतः ठाण्यात जाऊन बंदूक जमा करून आले. ठाण्याचा कागद माझ्या हातात दिला. "घे. पंगतीचंही करतो. पण पोरी, यापुढं काही मागू नको."

"आणि अरविंदमामाची बंदूक?"

"त्याले सांगितलं आहे मी."

मी तो कागद घेऊन बुधवाऱ्यात अक्षरशः पळत गेले. रितेशने तो दोनदा वाचला. मालूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नवरंग बँड निंबखेडीला यायला तयार झाला.

लग्नाच्या चार दिवस आधी दुकानात तालीम होती. तालमीनंतर रितेशने सगळ्यांना समजावलं. "ऐका. तिथं बंदूक नाही, कागद आहे आपल्याजवळ. पण कुठं दिसलीच, तर मी हात वर करीन. हात वर झाला की सारे एकदम बंद. एक सूर नाही. आपण थांबलो म्हणजे आपला नकार."

तेव्हा मला आठवलं.

आमच्या भाऊकीत एक जुनी रीत आहे. नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवाच्या दाराशी आला की बँड थांबतो. एकदम शांत. ती शांतता झाली की मामाने ओट्यावरून बार टाकायचा, आणि मग बँड दुप्पट जोराने सुरू व्हायचा. लहानपणी मी त्या शांततेत दोन्ही कानांवर हात ठेवून डोळे मिटून घ्यायचे. बँड थांबला याचा अर्थ आमच्याकडे एकच होता—टाका बार.

आमच्याकडे आजवर जवळच्या गावांतले बँड यायचे, बुऱ्हाणपूरचे कधी आलेच नव्हते. त्यांना हे कुठून ठाऊक असणार?

मी तोंड उघडलं... आणि मिटलं. सांगितलं असतं, तर रितेश म्हणाला असता, नको, नाही येत. आणि बंदूक तर ठाण्यात होती. मामाला आबांनी सांगितलं होतं. कशाला उगाच, असं मला वाटलं. खरं सांगते, असंच वाटलं.

"काय झालं?" रितेशने विचारलं.

"काही नाही. तुझी कॉलर वाकडी आहे," मी म्हणाले, आणि सगळ्यांदेखत ती सरळ केली.

लग्न आमच्याच गावात होतं. नवरीकडची मंडळी आदल्या दिवशीच आली होती. दुपारी पंगत बसली. आबांनी शब्द पाळला. बँडवाले ओळीच्या टोकाला, पण मांडवात बसले. काही पाहुणे उठून गेले, आबांनी तिकडे पाहिलं नाही. वरण-बट्टी वाढताना मी दगाकाकांसमोर वाकले. तांब्या त्यांच्या पेल्याला टेकवूनच पाणी ओतलं.

"साठ वर्षांत पहिल्यांदा मांडवात बसलो, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "बट्टी तीच असते. पण आज दोन जास्त गेल्या."

रितेश त्यांच्याशेजारी मान खाली घालून जेवत होता. मी त्याला तूप वाढलं, आणि हात आखडला नाही. त्याने वर पाहिलं. त्या एका नजरेवर मी सगळं आयुष्य काढू शकले असते.

गोरज मुहूर्त होता. सूर्य केळीच्या मागे गेला, विनायक घोड्यावरून आला, पुढे नवरंग बँड. काय वाजवत होते ते त्या दिवशी! मी आरतीचं ताट घेऊन दाराशी उभी होते. रितेश माझ्यापासून वीस पावलांवर, गाल फुगवून, डोळ्यांनी हसत. त्याच्या मागे दगाकाका.

मग त्याची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली, ओट्याकडे.

मी वळून पाहिलं. अरविंदमामा होता. नवा फेटा, हातात स्वतःची दोननळी. त्याने दारू प्यायलेली नव्हती. तो आनंदात होता, भाच्याचं लग्न होतं. आबा त्याला काहीतरी म्हणत होते, आणि तो हसत मान हलवत होता—एकच, दाजी, एकच, मानाचा.

रितेशने हात वर केला.

बँड थांबला. सगळा, एकदम, जसं ठरलं होतं तसा. एक सूर नाही. घोड्याच्या गळ्यातली घुंगरं तेवढी ऐकू आली. मामाने ती शांतता ऐकली आणि त्याचा चेहरा खुलला. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत बार झाला.

दगाकाका दमल्यासारखे खाली बसले. ढोल त्यांच्या गळ्यातच होता. पांढऱ्या गणवेशावर लाल काय आहे ते पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही.

"अरे वाजवा की!" मागून कुणीतरी म्हणालं. "मुहूर्त चालला!"

लग्न लागलं. अक्षता पडल्या तेव्हा मी जीपमध्ये दगाकाकांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. समोर रितेश त्यांचा हात धरून त्यांच्या चांगल्या कानात बोलत होता, "काका, आलंच, दवाखाना आलाच." रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी फार लांब होती. ती गेली तेव्हा दगाकाका उरले नव्हते.

ठाण्यात दीडशे माणसांची नावं लिहिली गेली. बंदूक कुणाची, बार कुणी टाकला, कुणालाच दिसलं नव्हतं. आबांनी जमिनीकडे पाहत सांगितलं, मी पाहुण्यांत होतो. मी मामाचं नाव घेतलं. सही केली.

बाहेर आबा उभे होते. "तुझ्या आईचा भाऊ आहे तो."

"दगाकाकाही कुणाचे तरी होते, आबा."

"घरी येऊ नको," ते म्हणाले. ते रडत होते. मीही रडत होते. पण आम्ही एकमेकांजवळ गेलो नाही.

महिन्याभरात मामा जामिनावर सुटला. गावात त्याची मिरवणूक निघाली नाही एवढंच.

त्या दिवसांत रितेश माझ्याशी फार हळुवार बोलायचा. एका दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. दगाकाकांचा ढोल कोपऱ्यात होता, त्यावर कापड. रोहितच्या शेजारी आता दुसरा फोटो होता.

"रोहितच्या वेळी चारशेतला एक नाही बोलला," रितेश म्हणाला. "तू बोललीस. घर सोडलंस. ज्योत्स्ना... आपण लग्न करून घेऊ. साधंच. सही करून. बँड-बिंड काही नको."

किती दिवस मी या वाक्याची वाट पाहिली होती! माझा 'हो' ओठांशी आला होता. खरंच आला होता.

पण तो पुढे बोलत राहिला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "एकच समजत नाही मले. रात्रंदिवस तेच डोक्यात. आमी थांबलो होतो ना? सारं गाव पाहून राहिलं होतं. थांबलो म्हणजे नाही, एवढंही नाही समजत का माणसाले? तरी त्यानं बार कसा टाकला?"

मी गप्प राहू शकले असते. तालमीच्या दिवशी राहिले होते तशी. त्याला कधीच कळलं नसतं. आम्ही सही करून आलो असतो, आणि तो रोज रात्री हेच विचारत झोपला असता, आणि मी शेजारी जागी राहिले असते.

"रितेश," मी म्हणाले, "आमच्याकडे बँड थांबला की बार टाकतात. ती रीतच आहे. थांबणं म्हणजे... टाका."

त्याला समजायला वेळ लागला. मग समजलं.

"तुले माहीत होतं."

"हो."

"तालमीच्या दिवशी. मी सांगून राहिलो होतो तेव्हा."

"हो. मला वाटलं, बंदूक येणारच नाही. सांगितलं तर तू येणार नाहीस... आणि मला तू यायला हवा होतास. आबांनी तुला पाहायला हवं होतं. माझं तुझ्यावर प्रेम आहे, रितेश. म्हणून मी गप्प बसले."

प्रेम हा शब्द मी त्याच्यापाशी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. तो त्याने ऐकला की नाही, मला माहीत नाही. तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता.

"म्हणजे मी हात वर केला," तो म्हणाला, "आन्..."

मी त्याचा हात धरायला गेले. त्याने तो मागे घेतला, झटकला नाही, नुसता मागे घेतला. बाहेरून कुठल्यातरी पॉवरलूमची खटखट येत होती. मग तो उठला, खडू घेतला आणि फळ्यावर नव्या ओळी लिहिल्या. 'बंदूक दिसली तर थांबू नका. वाजवत मागे फिरा. वाजवत गावाबाहेर या.'

"आणखी कोणत्या कोणत्या गावात अशी रीत आहे?" त्याने माझ्याकडे न पाहता विचारलं.

मी सांगितली. आमच्या भाऊकीची सात गावं. त्याने ती एकेक करून लिहून घेतली, शेवटचं नाव दोनदा विचारून.

"या आता तुम्ही, मॅडम," तो म्हणाला.

तुम्ही. मॅडम. गारांच्या दिवशी ते किती गोड लागलं होतं.

पुढच्या लग्नसराईत मी मालूबाईंबरोबर गावोगाव गेले. त्या मला येऊ देतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. पंचवीस घरांपैकी चारांनी बंदूक जमा केली. अर्ज मीच लिहिते, अक्षर अजून चांगलं आहे.

काल संध्याकाळी बोळातून वरात आली. नवरंग बँड होता. ढोलावर नवा माणूस, पुढे रितेश. मी गॅलरीत होते, साडीमागे लपले नाही, कठड्याशी उभी राहिले. तो अगदी खाली आला. गाल फुगलेले, डोळे समोर. ट्रम्पेट चिंचेने घासलेलं, लखलखीत. बँड वाजत वाजत घराखालून गेला, कोपऱ्यावर वळला, आणि आवाज बारीक होत होत लूमच्या खटखटीत मिसळून गेला.

"आज थांबले नाहीत वाटते?" आत्या आतून म्हणाली.

"नाही आत्या," मी म्हणाले. "आता ते कुठेच थांबत नाहीत."